तात्यांनी माघारी घेतलेला शब्द

सांगोल्याकडच्या आमच्या वाडीत तात्या ओव्या गायला उभे राहिले की शेजारच्या वाडीला निरोप धाडावा लागत नसे. तिथली माणसं आवाज ऐकूनच चालत यायची.

तात्या म्हणजे माझे वडील, कुंडलिक. आमचं घर मेंढरांवालं. आजोबा, पणजोबा सगळे मेंढरांमागं फिरले आणि बिरोबापुढं गायले. ढोल कडाडायला लागला की तात्या डावा हात कानावर ठेवायचे, उजवा वर उचलायचे आणि सुंबरान मांडायचे. देवाची आठवण काढून ओवीला सुरुवात करायची, तिला आमच्याकडं सुंबरान म्हणतात. ती पहिली हाक माइकशिवाय अख्खा माळ ओलांडायची. मी आता सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते, शाळेत मराठी शिकवते. "बाई, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो," असं पोरं म्हणाली की मी वरवर रागावते, पण आतून फुलून येते. तो आवाज कुणाकडून आलाय ते मला ठाऊक असतं.

तात्यांची दुसरी ख्याती त्यांच्या शब्दाची. एकदा बोलले की बोलले. जत्रेला येतो म्हणाले की अंगात ताप असला तरी जायचे. आणि चुकीचं बोलले असले तरी तेही सोडायचे नाहीत. एकदा आई सांगत होती की चाऱ्याची वाट डावीकडं आहे, तर यांनी मेंढरं उजवीकडं घातली आणि दिवस मावळेपर्यंत सगळ्यांना चालवलं. वाट चुकली असं त्यांनी आजपर्यंत कबूल केलेलं नाही. "लांबनं आलो, पर गवत चांगलं मिळालं," एवढंच म्हणतात.

त्यांना ब्लडप्रेशर आहे हे कळलं ते मोतीबिंदूमुळं. डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं म्हणून मी त्यांना सोलापूरला आणलं. ऑपरेशनआधी नर्सनं दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. आधी बीपी खाली आणा, मग डोळ्याचं बघू, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. तात्यांना काही पटेना.

"डोकं दुखत न्हाय, चक्कर न्हाय. दिसभर माळावर चालतो मी. मला कसला आलाय रोग?"

पण डोळा हवा होता. दोन गोळ्या सुरू झाल्या, बीपी उतरलं, ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर त्यांनी खिडकीतून पहिल्यांदा बघितली ती शेजाऱ्यांच्या दारातली शेळी. "तिचं खूर लई वाढल्यात, सांग त्यांना," म्हणाले. डोळा लख्ख आला होता.

गोळ्या घेऊन ते वाडीवर गेले आणि महिन्याभरात त्यांना खोकला लागला.

कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही. घशात कुसळ अडकावं तसं सतत खुपायचं. बोलताना, जेवताना, कूस वळताना खोकला. माझी आई, मायाक्का, तिनं अडुळशाचा काढा पाजला, जेष्ठमध चघळायला दिलं, लोकरीची धूळ बाधत असेल म्हणून कातरणीच्या दिवसांत त्यांना मेंढरांजवळ फिरकू दिलं नाही. तालुक्याच्या गावी खोकल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, थुंकी तपासली. सगळं स्वच्छ निघालं. औषधाच्या बाटल्या संपत गेल्या आणि खोकला होता तिथंच राहिला.

मग वाडीत एकाच्या वास्तुशांतीला ओव्या ठेवल्या होत्या. तात्यांनी सुंबरान मांडलं आणि दुसऱ्याच ओळीला खोकल्याची उबळ आली. ढोलावर सिद्धनाथकाका होते. तात्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि तात्या गायला लागल्यापासून ढोल त्यांचाच. त्यांनी प्रसंग ओळखला आणि ढोल असा काही बडवायला लागले की लोकांना वाटलं, ही वाजवायचीच बारी आहे. तात्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा उबळ. तिसऱ्यांदा त्यांनी कानावरचा हात खाली घेतला. "आज गळा बसलाय," म्हणाले आणि बाजूला जाऊन बसले. तिथून पुढं त्यांनी मेंढरांना हाकसुद्धा मारायची सोडली. शीळ घालायचे. आईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला तो खोकल्याहून मोठा आजार वाटला.

एका सकाळी तात्यांनी हिशेब मांडला. खोकला कवा आला? गोळ्या आल्यावर. त्यांनी त्या दिवशी दोन्ही गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. आई पाण्याचा तांब्या द्यायची, ते गोळ्या हातात घ्यायचे आणि बाहेर जाऊन उकिरड्यावर टाकायचे. तेव्हापासून उठल्यावर डोकं जड व्हायचं, छाती धडधडायची. त्यांनी त्याचा दोष उन्हाला दिला. पण आठवड्याभरात खोकला निम्म्यानं उतरला आणि पुढच्या काही दिवसांत गेलाच.

शाळेच्या मधल्या सुट्टीत मला फोन आला. "पोरी, ऐक," एवढंच म्हणाले आणि फोनवरच सुंबरान धरलं. मी स्टाफरूममध्ये होते. स्पीकर लावला. चहाचे कप हातात तसेच धरून सगळ्या बाई आणि सर ऐकत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कशानं बरं वाटलं, तात्या?"

"आपोआप," ते म्हणाले.

पण देवळात ते आपोआप म्हणाले नाहीत. रविवारी बिरोबाच्या देवळासमोर ओव्यांची सगळी मंडळी बसली होती. तात्यांनी गाऊन दाखवलं आणि वर सांगितलं, "त्या बीपीच्या गोळ्यांनी माजा गळा खाल्ला व्हता. दिल्या फेकून. बगा आता!" सिद्धनाथकाकांना बरीच वर्षं बीपीची गोळी चालू होती. खोकला नव्हता, काही तक्रार नव्हती. तरी त्याच दिवशी त्यांनीही गोळी बंद केली. तात्यांचा शब्द आमच्याकडं असा चालायचा. फक्त बाप्यांच्या बैठकीतली ही गोष्ट आईपर्यंत किंवा माझ्यापर्यंत मात्र आलीच नाही.

इकडं मी खुशीत होते. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तात्यांनी गावं असं मी हेडमास्तरांशी बोलून ठरवलं. आई आणि तात्या सकाळच्या एसटीनं घरी आले. नवा पटका, धुतलेलं धोतर, खांद्यावर काळं घोंगडं. माझे यजमान शिवराज म्हणाले, "तात्या, आज शाळा हलवून टाकणार तुम्ही." तात्या हसले, बशीत चहा ओतला, बशी तोंडाशी नेली आणि बशीतला चहा लाल झाला. नाकातून रक्ताची धार लागली होती. "काय न्हाय, काय न्हाय," म्हणत ते उठले आणि भिंतीला धरून खाली बसले. रिक्षात घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. बीपीचा वरचा आकडा दोनशेच्या वर होता.

संमेलन तात्यांशिवाय पार पडलं. तात्या सलाइन लावलेल्या हाताकडं बघत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टर सिद्धेश्वरी आल्या. वयानं माझ्याहून लहान, अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. त्यांनी केसपेपर वाचला आणि विचारलं, "मामा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद कशाच्या? रोज घेत्यात की," आई म्हणाली. मग तिनं तात्यांकडं वळून बघितलं.

"पंदरा दिस झालं," तात्या भिंतीकडं बघत म्हणाले.

आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या खाली बसल्या. "का बंद केल्या?"

"गळा गेला व्हता माजा." तात्या सांगायला लागले. खोकला, वास्तुशांती, शीळ, सगळं सांगितलं.

"हे कुणा डॉक्टरला सांगितलं होतं का?"

"खोकल्याच्या डाक्टरला सांगितलं की."

"आणि बीपीच्या?"

"त्यांला बीपीचं सांगितलं. खोकला त्यांच्या खात्यात कुटं येतोय?"

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी सरळ सांगितलं. "मामा, त्या दोन गोळ्यांतल्या एकीनं काही जणांना असाच कोरडा खोकला होतो. सगळ्यांना नाही होत. तुम्हाला झाला. तुम्ही कारण बरोबर ओळखलंत."

तात्या उशीवरून उठून बसले. "मंजी मी बरोबर व्हतो!"

"निम्मे," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्याऐवजी दुसऱ्या प्रकारची गोळी मिळते, तिनं सहसा असा खोकला होत नाही. येऊन सांगितलं असतं तर तेव्हाच बदलून दिली असती. तुम्ही बदलली नाही, सोडली. आणि दुसरी पण सोडली. त्या दुसरीचा या खोकल्याशी काही संबंध नव्हता. ती एकदम बंद केली की छाती धडधडते, बीपी उसळी मारतं. ती कमी करायची तर थोडी थोडी करायची, दर वेळी बीपी मोजून. नाकातून रक्त आलं तेवढ्यावर निभावलं. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर गळा राहिला असता, पण ओवी आठवली नसती."

आईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता तात्या नेहमीसारखं काहीतरी म्हणतील, लांबनं आलो पर गवत मिळालं, असलं काहीतरी. पण त्यांनी माझ्याकडं हात केला.

"ऋतुजा, सिद्धनाथला फोन लाव."

मी लावला.

"सिद्धनाथा, गोळी सोडली हाईस न्हवं? मी सांगितलं ते चुकीचं व्हतं."

"कुटनं बोलतोयस?"

"दवाखान्यातनं."

"मंग बरोबर हाय," पलीकडून काका हसले. "लेकीनं दवाखान्यात घातल्यावर तसंच बोलणार तू. मला लई हलकं वाटतंय गड्या. जत्रा होऊ दे, मंग बगू." आणि फोन ठेवला.

तात्यांनी डॉक्टरांना विचारलं, "त्यानं आजपास्नं परत गोळी घेतली तर चालंल?"

"आधी बीपी मोजून घ्यायला सांगा. त्यांची गोळी कुठली ते मला माहीत नाही. तिथल्या डॉक्टरना दाखवू दे, ते सांगतील तशी सुरू करू दे. पण आता थांबायला नको."

घरी सोडलं त्या दिवशी मी अंथरूण घालून ठेवलं होतं. तात्या दवाखान्याच्या पायरीवरच थांबले. "आदी एसटी स्टँड," म्हणाले. मी वाद घातला, आईनं घातला. शेवटी मी परत आत जाऊन डॉक्टर सिद्धेश्वरींना विचारलं. "आजच्या गोळ्या घेतल्यात ना? बसून जाऊ देत, चालायला लावू नका," त्या म्हणाल्या. मग मी शाळेत रजा कळवली आणि आम्ही तिघं निघालो.

सिद्धनाथकाकांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काका लिंबाखाली बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. चेहरा तांबूस झाला होता. तात्या जाऊन त्यांच्यासमोर मातीतच बसले.

"सिद्धनाथा, देवळाम्होरं मी जे बोललो, ते माघारी घेतो."

काकांच्या हातातली दोरी थांबली. "तू? माघारी घेतोस?"

"व्हय. खोकला एका गोळीनं हुता, ते खरं. पर ती बदलून मिळती. मी येड्यावानी सगळीच फेकली आन् तुला बी नादी लावलं. तुला तर खोकला बी नव्हता." तात्यांनी नाकाला हात लावला. "हितनं रगत गेलं माज्या. लेकीच्या घरात. जावयाच्या म्होरं."

काका त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ढोल बाजूला ठेवला आणि चपला शोधायला लागले. "तुजं ऐकून सोडली, आता तुजंच ऐकून घेतो. चल."

प्राथमिक आरोग्य केंद्रात काकांचंही बीपी बरंच वर निघालं. तिथल्या डॉक्टरांनी जुनी गोळी बघून पुन्हा सुरू करून दिली आणि आठवड्यानं यायला सांगितलं. बाहेर बाकावर आई माझ्याशेजारी बसली होती. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा," ती हळूच म्हणाली. काय पहिल्यांदा, ते मला विचारावं लागलं नाही.

पुढचे महिने तात्यांनी ज्या नेटानं काढले ते मी कुणालाही सांगायला तयार आहे, आणि सांगतेही. शिवराजनी बीपीचं मशीन आणून दिलं. बटण दाबायचं काम आईकडं. डॉक्टरांनी बजावलं होतं की मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही. आईला हा नियम सगळ्यात जास्त आवडला. तात्यांनी तोंड उघडलं की ती म्हणायची, "अवं, आकडा चुकंल," आणि आपल्याला जे बोलायचं ते त्या पाच मिनिटांत बोलून घ्यायची. शेवटी डॉक्टरांनी तिलाही गप्प बसायला सांगितलं. लोणचं गेलं, चटणी-खर्ड्यातलं मीठ कमी झालं. तंबाखू सोडताना घरात आठवडाभर भांडणं झाली, पण सुटली. दुसरी गोळी जुनीच चालू होती, आणि बदलून दिलेल्या नव्या गोळीनं खोकला आला नाही. आवाज हळूहळू भरत गेला.

मग एकदा तपासणीला आल्यावर तात्यांनीच विचारलं, "बाई, दुसरी गोळी सुटंल का? तुमच्या रीतीनं."

"बघू. सगळ्यांची सुटत नाही, आधीच सांगते," डॉक्टर सिद्धेश्वरी म्हणाल्या. त्यांनी ईसीजी काढला, बीपीचे आकडे बघितले आणि थोडीशी कमी केली. काही आठवड्यांनी आणखी थोडी. मध्ये एकदा बीपी वर गेलं तर पुन्हा एक पायरी मागं जावं लागलं. मला वाटलं, आता तात्या वैतागणार. ते म्हणाले, "पाऊल मागं घेतलं मंजी वाट सोडली असं न्हाय." शेवटी ती दुसरी गोळी पूर्ण सुटली. तरी महिनाभर बीपी मोजत राहायला सांगितलं होतं, तेही त्यांनी केलं. आकडा जागेवर राहिला.

"ही एक मात्र चालू राहणार हं," डॉक्टर म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे की."

डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं, "या मामांना बघून घ्या. गोळी सोडायची तर अशी." तात्यांनी पटका सारखा केला. मला तर माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याचा बोर्डात नंबर आल्यासारखं झालं.

बिरोबाची जत्रा आली. दुपारी पालख्यांची भेट झाली, भंडाऱ्यानं देऊळ पिवळं झालं. चार गावची ओव्यांची मंडळं जमली होती. आमची बारी आली, सिद्धनाथकाकांनी ढोल चढवला आणि तात्यांनी हात वर करून तो थांबवला.

"सुंबरानाच्या आदी एक बोलायचं हाय," ते म्हणाले. "हितंच, ह्याच जागी मी म्हनलो व्हतो की बीपीच्या गोळ्या फेका. ते माजं चुकलं. त्यापायी मी दवाखान्यात गेलो आन् ह्या सिद्धनाथला बी नेणार व्हतो. आपुन मेंढरांची वाघर काढताना कसं करतो? चारी बाजूंची जाळी एकदम वढली तर मेंढरं उधळत्यात, कुत्रं बी आवरत न्हाय. एक खुटा काडायचा, बगायचं, मंग दुसरा. गोळीचं बी तसंच हाय. आन् कंचा खुटा काडायचा ते डाक्टरला इचारून."

मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, गाणार का दवाखाना घालणार?" सगळे हसले. तात्याही हसले आणि त्यांनी कानावर हात ठेवला.

ती हाक उठली तेव्हा देवळामागच्या झाडावरचे पक्षी उडाले. कुठं अडखळली नाही, कुठं चिरकली नाही. झील धरणाऱ्यांना त्यांच्याबरोबर वर चढताना दम लागला. सिद्धनाथकाका डोळे मिटून वाजवत होते. माझ्या पुढ्यात वेळापूरकडून आलेल्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्या मागं वळून म्हणाल्या, "कोन गं हा बाबा? काय गळा हाय!"

"माझे वडील आहेत," मी म्हणाले. मला कुजबुजायचं होतं, पण माझा आवाज मोठाच निघाला. चार माणसांनी वळून बघितलं.

ओव्या संपल्यावर तात्यांभोवती म्हातारी माणसं गोळा झाली. एकानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, दुसरा पायाला सूज येते म्हणत होता, तिसऱ्याला आपली गोळी सोडायची होती. तात्यांनी एकाचीही पट्टी हातात घेतली नाही.

"मला नगं इचारू," ते प्रत्येकाला सांगत होते. "मी मेंढक्या मानूस. तुज्या डाक्टरला इचार. पर इचार बाबा, लाजू नगं. जे हुतंय ते समदं सांग."

आई माझ्याजवळ उभी राहून हे ऐकत होती. "बोलत्यात बग कसं," ती म्हणाली. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, गर्दीतून वाट काढली आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.